गाण्याखाली नाव कुणाचं?

आम्ही बेसाच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. गेल्या खेपेला आपण जनावरांच्या विम्यावर बोललो, त्याच्या आधी रेशनकार्डावर. आज गाण्यावर बोलायचं आहे. हसू नका. हाही कामाचाच विषय आहे, पुढं कळेल.

आमच्या गुरुवारच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न टाकला. गणपती बसले की मंडपात सकाळी ‘गजानना श्रीगणराया’ लागतंच. त्याच्या मागोमाग ‘गणराज रंगी नाचतो’. ही गाणी कुणाची? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, लताबाईंची. बरोबर आहे, आवाज लता मंगेशकरांचाच. मग शाळेच्या गॅदरिंगला पोरं वल्ही घेऊन नाचतात ते ‘मी डोलकर’? तेही लताबाईंचं, सोबत हेमंतकुमार. ‘जिवलगा’? आशाबाईंचं. आणि वरातीत वाजतं ते ‘ही चाल तुरुतुरु’? इथं जरा अडल्या, मग एकीला आठवलं, जयवंत कुलकर्णी.

चाल कुणी लावली हे दोघींना थोडंफार सांगता आलं. शब्द कुणाचे, हे एकीलाही नाही. आम्हालाही आधी माहीत नव्हतं, उगाच शहाणपण दाखवत नाही. ही पाचही गाणी एकाच बाईनं लिहिली आहेत. तिचं नाव शांता शेळके.

“मंग तिचं नाव कोनी घेत काहून नाही?” असं आमच्यातल्या एकीनं विचारलं. ती चौकात भाजीचा ठेला लावते. तिनं हे का विचारलं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी लगेच उत्तर दिलं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. एका मेळाव्यासाठी तिनं बचतीवर एक गाणं जुळवलं होतं. दिवसभर ठेल्यावर उभं राहायचं, रात्री भांडी झाली की पुटपुटत बसायचं, असे आठ-दहा दिवस तिनं काढले. मेळाव्यात ते आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं, लोकांना आवडलं. दुसऱ्या गटांनी उचललं, ते चांगलंच झालं. पुढच्या वर्षी कुणीतरी महिला गटांच्या गाण्यांची पुस्तिका छापली. त्यात तिचं गाणं होतं, एक ओळ चुकीची छापलेली, आणि खाली लिहिलं होतं ‘पारंपरिक’. तिनं ती पुस्तिका हातात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “पारंपरिक म्हंजे मेलेल्या मानसाचं का?”

त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यात होता. म्हणून आज शांताबाईंबद्दल. गाणं लिहिणं हे काम कसं चालतं, ते करणाऱ्या बाईचं आयुष्य कसं गेलं, आणि गाण्याखाली नाव राहतं कसं किंवा जातं कसं, हे त्यांच्या निमित्तानं नीट पाहू.

शांता जनार्दन शेळके यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ चा, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. लहानपण त्याच जिल्ह्यात खेड-मंचरकडच्या भागात गेलं. पुढं पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा, मग स. प. महाविद्यालय, मग मुंबई विद्यापीठाची एम. ए. त्या काळात मुलीनं एवढं शिकणं म्हणजे काय, ते तुमच्या-आमच्या आज्यांना विचारा. शिकून झाल्यावर त्या आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात लागल्या आणि तिथं पाचेक वर्षं काम केलं. साप्ताहिकाच्या कचेरीत मजकूर ठरल्या वेळी द्यावाच लागतो. मन लागत नाही, आज सुचत नाही, हे तिथं चालत नाही. पुढं आयुष्यभर त्यांना मागितलं तेव्हा गाणं लिहून देता आलं, ती सवय या नोकरीतच लागली असावी असं आम्हाला वाटतं.

त्यानंतर त्या कुठं आल्या असतील? आपल्या नागपूरला! हिस्लॉप कॉलेजात मराठीच्या प्राध्यापक म्हणून. बेसाहून सिव्हिल लाइन्सला कागदपत्रांच्या कामाला जातो तेव्हा आपण कितीदा त्या कॉलेजावरून गेलो असू. पोरांना कविता शिकवणारी एक तरुण बाई तिथं रोज जात होती आणि पुढं अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी तिचे शब्द बसणार होते, हे कळल्यापासून त्या फाटकाकडं पाहायची आमची नजर बदलली आहे. नागपूरनंतर त्या मुंबईला गेल्या. आधी रुईया, मग परळचं महर्षी दयानंद महाविद्यालय. म्हणजे गाणी लिहिणं हा त्यांचा एकुलता एक धंदा कधीच नव्हता. पगाराची नोकरी शिकवण्याची. कविता, कथा, कादंबऱ्या, अनुवाद, वर्तमानपत्रातले लेख आणि गाणी हे सगळं त्या नोकरीच्या आजूबाजूला. आपल्याकडं बाई शेतात जाते, शिवणही करते, पापडही लाटते, तसंच ते.

सिनेमाचं पहिलं गाणं त्यांनी १९५० मध्ये लिहिलं, ‘राम राम पाव्हणं’ या चित्रपटासाठी. त्याला संगीत कुणाचं होतं माहीत आहे? लता मंगेशकरांचं. विशीतल्या लताबाई चाल देणार आणि अठ्ठावीस वर्षांच्या शांताबाई शब्द देणार. दोन तरुण बायांनी मिळून केलेलं काम होतं ते. तिथून पुढं पन्नास वर्षं शांताबाई गाणी लिहीत राहिल्या. सिनेमाची, नाटकाची, भक्तीची, रेडिओची, कॅसेटची. सिनेमाचीच तीनशेच्या वर गाणी सांगतात.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण इथंच खरी गंमत आहे.

आपल्याला वाटतं, कवीला आधी कविता सुचते, मग कुणीतरी तिला चाल लावतं. तसंही होतं. पण सिनेमाच्या गाण्यात पुष्कळदा उलटं असतं. चाल आधी तयार होते. संगीतकार पेटीवर ती वाजवून दाखवतो, नुसतं ‘ला ला ला’ करतो, किंवा अर्थ नसलेले काहीबाही शब्द भरून म्हणतो. लिहिणाऱ्यानं त्या साच्यात नेमके बसतील असे शब्द शोधायचे. कुठं सूर लांबतो, कुठं झटक्यात तुटतो, कुठं श्वास घ्यायला जागा आहे, हे सगळं ठरलेलं. त्यात एक अक्षर जास्त झालं तर गाणारीची जीभ अडखळते, एक कमी पडलं तर सूर उघडा पडतो. वरून गोष्टीतला प्रसंगही ठरलेला: ही बाई रुसलेली आहे, ही वाट पाहते आहे, हे मावळे लढाईला निघाले आहेत. आणि गाणं हवं आहे परवा.

हे किती अवघड आहे ते आमच्या भाजीवालीच्या गाण्यावरून सांगतो. भजनाच्या एका जुन्या चालीवर ती शब्द बसवत होती. तिची पहिली ओळ होती, ‘बचतीचे महत्त्व’. मेळाव्याच्या पत्रकातूनच उचललेली. म्हणून पाहा बरं. चालीत शेवटच्या अक्षरावर सूर लांब ओढायचा आहे. ‘महत्त्व’वर कसा ओढणार? त्त्व म्हणता म्हणता घशात बोळा बसतो. सूर ओढायचा तर तिथं आ, ई, ए, ओ असा तोंड मोकळं उघडणारा स्वर लागतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार रात्री घालवल्यावर तिचं तिलाच सापडलं. मग तिनं ओळ केली, ‘आठवड्याले वीस, पेटीत टाक माये’. ‘माये’वर हवा तेवढा सूर ओढा. आणि बघा, पत्रकातली भाषा गेली आणि आपली भाषा आली. चालीनंच तिला आपल्या बोलीत आणून सोडलं.

शांताबाईंची गाणी आता या कानानं ऐका. सूर लांबतो त्या प्रत्येक जागी मोकळा स्वर आहे का ते पाहा. जोडाक्षरं कुठं आहेत आणि कुठं टाळली आहेत ते पाहा. गणपतीच्या गाण्यात देवळातले शब्द आहेत, लावणीत घरातल्या-अंगावरच्या वस्तू आहेत. आम्ही बैठकीत मोबाइलवर दोन गाणी लावून असं ऐकलं, तासभर कसा गेला कळलं नाही. एरवी आमच्या बैठका हप्त्यावरून वाजतात.

कोळीगीतांबद्दल थोडं सांगायलाच हवं. हृदयनाथ मंगेशकरांनी कोळ्यांच्या नाचाच्या वळणावर चाली बांधल्या आणि शब्द मागितले शांताबाईंकडं. ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’, ‘राजा सारंगा’ ही ती गाणी. शांताबाई देशावरच्या, इंदापूर-मंचरच्या. समुद्रावर जाळं टाकणारी त्यांच्या घरात कुणी नव्हती. पण आज मुंबईच्या कोळीवाड्यात हळदीला हीच गाणी वाजतात आणि इथं, समुद्र सोडा, नाग नदीतसुद्धा मासा न दिसणाऱ्या आपल्या भागात पोरं त्यावर वल्ही मारतात. दुसऱ्याच्या बोलीत लिहायला आधी दुसऱ्याचं बोलणं ऐकावं लागतं. आमच्यातल्या एकीला मात्र हे पटलं नाही. ती म्हणाली, कोळणींची स्वतःची गाणी असतील की, ती मागं पडली असतील ह्यांच्यामुळं. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मोठ्या कंपनीची तबकडी निघाली की गावातला आवाज दबतो. हा वाद आमच्यात मिटला नाही, तुमच्या गटात करून पाहा.

सुधीर फडक्यांचं ‘तोच चंद्रमा नभात’ तुम्ही ऐकलं असेल. तेही शांताबाईंचं. त्या गाण्याच्या मुळाशी एक जुना संस्कृत श्लोक आहे, आणि तो श्लोक शीला भट्टारिका नावाच्या कवयित्रीचा मानतात. म्हणजे हजारभर वर्षांमागच्या एका बाईच्या मनातली गोष्ट: माणूस तोच, चांदणं तेच, पण पहिल्यासारखं काही वाटत नाही. ती शांताबाईंनी पोथीतून उचलली आणि आपल्या रेडिओवर आणली. संस्कृत त्यांचं पक्कं होतं, कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही त्यांनी केला. त्यांनी इंग्रजीतल्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीचं ‘चौघीजणी’ केलं. चार बहिणींची गोष्ट आहे. वाचनालयात मिळाली तर घरातल्या मुलींना जरूर आणून द्या.

आता नावाकडं येऊ.

१९६४ मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ हा चित्रपट आला. त्यातली ‘शूर आम्ही सरदार’ आणि ‘रेशमाच्या रेघांनी’ ही दोन्ही गाणी शांताबाईंची. एक मर्दानी, एक लावणीच्या ढंगाची. शाळेत पोरं छाती काढून म्हणतात ते लढाईचं गाणं कॉलेजात शिकवणाऱ्या बाईनं लिहिलं आहे. पडद्यावर संगीतकाराचं नाव होतं ‘आनंदघन’. हा आनंदघन कोण, ते लोकांना माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी ‘साधी माणसं’ आला, त्यालाही आनंदघनचंच संगीत. त्या संगीताला महाराष्ट्र राज्याचा पुरस्कार मिळाला. समारंभात नाव पुकारलं, तरी कुणी उठेना. शेवटी सूत्रसंचालकानंच सांगून टाकलं की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लता मंगेशकर.

आणि शांताबाईंनीसुद्धा काही गाणी दुसऱ्या नावानं लिहिली. ते नाव होतं ‘डॉ. वसंत अवसरे’. बाप्याचं नाव, वरून डॉक्टर!

टोपणनाव घेणं आपल्याकडंच चालतं असं नाही. इंग्लंडात बीटल्स नावाचे चार पोरांचे गाणारे होते, साठ वर्षांमागं साऱ्या जगाला त्यांनी वेड लावलं होतं. त्यातले पॉल मॅकार्टनी गाणी लिहायचे. बीटल्समधली त्यांची गाणी जॉन लेनन यांच्यासोबत जोडनावानं छापली जायची, एकानं एकट्यानं लिहिलं तरी दोघांचं नाव. १९६६ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका जोडीला एक गाणं लिहून दिलं आणि त्यावर लेखक म्हणून ‘बर्नार्ड वेब’ असं खोटंच नाव घातलं. आपल्या नावाशिवाय गाणं चालतं का, हे त्यांना पाहायचं होतं. गाणं चाललं. मग गुपित फुटलं.

ज्याचं नाव मोठं झालेलं आहे त्याला नाव लपवणं हा खेळ आहे. काढलेली पाटी पुन्हा लावता येते. लताबाईंचं तसंच, शांताबाईंचंही बऱ्याच अंशी तसंच, कारण तोवर त्यांची पुस्तकं निघाली होती, पहिला कवितासंग्रह ‘वर्षा’ १९४७ चा. पण जिचं नाव कधी लागलंच नाही तिचं काय? आमच्या भाजीवालीनं नाव लपवलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नाही.

आणि ती एकटी नाही. जात्यावरची ओवी आठवा. चाल ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्या तीच. त्यात आजी आपले शब्द घालायची: भावाची वाट, सासरचा जाच, विठोबाची तक्रार. आधी चाल आणि मग शब्द, म्हणजे सिनेमात शांताबाई जे करत होत्या तेच काम. फरक एवढाच की आजीची पेटी दगडाची होती आणि ती पहाटे चारला वाजायची. त्या ओव्या कुणी केल्या? ‘पारंपरिक’.

हे असंच व्हायला पाहिजे असं काही नाही, याची दोन उदाहरणं आहेत. एक बहिणाबाई चौधरींचं. जळगावकडच्या असोद्याच्या, शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. घरोट ओढता ओढता, रान निंदता निंदता त्या गाणी म्हणायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक जण ती ऐकून लिहून ठेवायचे, म्हणून ती राहिली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मुलानं ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ओळखलं की हे सोनं आहे, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. हेच ते अत्रे, ज्यांच्या ‘नवयुग’मध्ये शांताबाई उमेदवारी करून गेल्या. घरात लिहून ठेवणारं माणूस नसतं तर बहिणाबाईंची गाणीही ‘खानदेशी लोकगीतं’ म्हणून कुठंतरी छापली असती, किंवा तीही नाही.

दुसरं उदाहरण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांचं. त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्या बायांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. प्रत्येक ओवीजवळ म्हणणारीचं नाव आणि गाव लिहिलं. आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर मोबाइलवरही ऐकता येतात, नावासकट, कित्येकींच्या फोटोसकट. म्हणजे नाव लिहिणं अवघड नव्हतं. विचारायची तसदी घ्यावी लागते, बस.

कायद्याचंही सांगतो, कारण या बाबतीत आपल्यात फार गैरसमज आहेत. आम्हालाही होते.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तुम्ही स्वतःचं गाणं कागदावर लिहिलं की त्या क्षणी त्याचा हक्क तुमचा होतो. कुठं नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. फॉर्म नाही, फी नाही, दलाल तर नाहीच नाही. तो हक्क तुम्ही जिवंत असेपर्यंत आणि त्यापुढं साठ वर्षं तुमच्या वारसांना राहतो. शांताबाई ६ जून २००२ रोजी गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ सालाच्या अखेरीपर्यंत राहणार.

याच कायद्याचं ५७ वं कलम आहे. सत्तावनचा कायदा, सत्तावनावं कलम, लक्षात ठेवायला सोपं. ते म्हणतं की गाण्याचे हक्क तुम्ही विकून टाकले असले तरीही ‘हे मी लिहिलं आहे’ असं म्हणायचा हक्क तुमच्याकडंच राहतो. तुमची नाचक्की होईल अशी मोडतोड कुणी केली तर त्यालाही अडवता येतं. पैशाचा व्यवहार वेगळा आणि नाव वेगळं. हे वाचून दाखवलं तेव्हा भाजीवालीनं आम्हाला ते दोनदा वाचायला लावलं.

पैशाबद्दल: २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आधी सिनेमाचे गीतकार एकदाच पैसे घेऊन सही करून मोकळे व्हायचे. गाणं पुढं चाळीस वर्षं रेडिओवर, लग्नात, हॉटेलात वाजलं तरी मिळकत निर्मात्याची किंवा कंपनीची. आता सिनेमागृहात तो सिनेमा दाखवणं सोडून गाणं इतर कुठं वापरलं की त्या मिळकतीत गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा कायद्यानं ठरलेला आहे, आणि तो वाटा सही करून सोडून देता येत नाही. दुरुस्ती झाली तेव्हा शांताबाईंना जाऊन दहा वर्षं झाली होती.

आपल्या गटांपुरतं एक ध्यानात असू द्या. आपण पुष्कळदा सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवतो. शब्द तुमचे, पण चाल दुसऱ्याची. बैठकीत, मेळाव्यात फुकट म्हणायला कुणी येऊन अडवत नाही. पण रेकॉर्ड करून विकायचं किंवा त्यावर पैसे कमवायचे तर चालीच्या मालकाची परवानगी लागते. त्यापेक्षा आपल्या भुलाबाईच्या, जात्यावरच्या, भजनाच्या जुन्या चाली घ्या. त्या सगळ्यांच्या आहेत. शब्द मात्र तुमचे, आणि त्याखाली नाव तुमचं.

शांताबाईंच्या नावाला शेवटी मान मिळाला. १९९६ मध्ये आळंदीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. त्याआधी फक्त दोन बाया त्या खुर्चीवर बसल्या होत्या, एक दुर्गा भागवत आणि त्यांच्याही आधी आपल्या विदर्भाच्या कुसुमावती देशपांडे. सिनेमाची गाणी लिहिणाऱ्याला मोठे साहित्यिक जरा खालचं समजतात, अजूनही. गाणं मागणीवरून लिहिलेलं, घाईत लिहिलेलं, म्हणून ते हलकं असा समज आहे. आम्हाला हे मुळीच पटत नाही. मागणीवरून शिवलेला ब्लाउज अंगात नीट बसला तर शिवणारीला कुणी हलकं म्हणत नाही. ज्या गाण्यानं सकाळी मंडप जागा होतो त्याचे शब्द हलके कसे? शांताबाईंनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आहे, त्याचं नाव ‘धूळपाटी’. पूर्वी मुलं धुळीवर बोटानं अक्षरं गिरवायची, ती पाटी. एवढं नाव कमावलेल्या बाईला आपल्या आयुष्याला द्यायला हेच नाव सुचलं.

तर या सगळ्यातून आमच्या गटानं काय केलं ते सांगून थांबतो. आम्ही एक जाड दोनशे पानी वही आणली. हप्त्याच्या वहीशेजारी तीही आता पेटीत असते. ज्या बाईनं गाणं केलं असेल तिनं ते त्यात लिहायचं, लिहिता येत नसेल तर दुसरीनं लिहून द्यायचं, पण म्हणणारीच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही. ‘आठवड्याले’चं ‘आठवड्याला’ करायचं नाही, यावर आमची बरीच हुज्जत झाली, कारण लिहून देणारी आमची बारावी झालेली सूनबाई आहे. गाण्याखाली तारीख, गाव, कोणत्या चालीवर आणि कुणी केलं. दोघींनी मिळून केलं असेल तर दोघींची नावं. बाहेर कुणाला गाणं दिलं तर नाव छापायचं हे आधीच सांगायचं, आणि कुणाला दिलं तेही वहीत मांडायचं. ‘पारंपरिक’ पुस्तिका काढणाऱ्यांना आम्ही पत्र लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर भाजीवालीचं गाणं आहे. चुकलेली ओळ दुरुस्त करून, तिच्याच हातानं लिहिलेलं, त्याला तिला तीन दिवस लागले. शेवटी नाव लिहायची वेळ आली तेव्हा ती पेन धरून थांबली आणि आमच्याकडं पाहून म्हणाली, “माहेरचं लिहू का सासरचं?” आम्ही म्हटलं, गाणं तुझं, तूच ठरव. तिनं थोडा वेळ विचार केला आणि नुसतं आपलं एकटीचं नाव लिहिलं, पुढं-मागं कुणाचंच नाही. त्याच्याखाली लिहिलं, बेसा.